कावळदऱ्याच्या रावणाची अकरा तोंडं

रावणाला दहा तोंडं. हे तुम्हांला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण घाटाच्या कडेला कावळदरा म्हणून एक गाव आहे, तिथल्या रावणाला अकरा तोंडं आहेत. चैत्रात तिथं भवाडा होतो. म्हणजे देवादैत्यांचे लाकडी मुखवटे लावून माणसं संबळाच्या तालावर गावभर नाचतात, त्या मुखवट्यांना तिथं सोंगं म्हणतात. रावणाचं सोंग आलं की पाहुणा मनातल्या मनात तोंडं मोजतो, पुन्हा मोजतो, आणि शेजारच्याला हळूच म्हणतो, "एक जास्त झालं की हो." शेजारचा म्हणतो, "बराबर हाय." मग पाहुण्याला पारावर बसवतात, चहा देतात, एक प्रश्न विचारतात आणि ही गोष्ट सांगतात. मलाही तशीच सांगितली. प्रश्न कुठला ते शेवटी सांगेन, कारण त्यात माझी थोडी फजिती आहे.

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कावळदऱ्यात दोन म्हाताऱ्यांना विचारलं तर तीन आकडे मिळतात. तेव्हा गावाचा कारभार पंच बघत. आता पंच म्हटले की पाच असावेत. पण पाच जण पुढं बसायचे म्हणजे बाकीच्यांनी मागं बसायचं, आणि मागं बसायची त्या गावात रीत नव्हती. म्हणून कावळदऱ्याला पंच होते दहा.

या दहांपैकी नऊ जणांची शेतं गावाभोवती गोल पसरलेली, एकाला एक लागून. प्रत्येकाची पक्की खात्री होती, की उजव्या हाताच्या शेजाऱ्यानं आपला बांध कोरला. तो उजवा शेजारी मात्र याच्याकडं बघतही नसे, कारण तो त्याच्या उजव्या शेजाऱ्यावर दात धरून असे. असं ते भांडण गावाला प्रदक्षिणा घालून पुन्हा जागेवर येई. दहावा पंच तुळाजी आबा. त्याचं शेत लांब तळ्यापलीकडं, शेजारी फक्त पाणकोंबड्या, आणि कानांनी आबा ठार बहिरा. त्यामुळं त्याचं कुणाशीच वाकडं नव्हतं.

या दहांचं कधी कशावर एकमत झालं नाही. बाकीच्या गावांत भवाडा रात्री मशालींच्या उजेडात होतो, कावळदऱ्यात मात्र तो दिवसाउजेडी होतो. कारण मशाल कुणी धरायची ते ठरलं नाही, असं म्हणतात.

सोंगं घडवायचा मान सुतारांच्या घराचा. देवीच्या देवळामागं त्यांचं घर होतं, तेही मानाचंच. मान आहे तोवर घर. त्या घरातला शेवटचा सुतार एका पावसाळ्यात तापानं गेला आणि मागं राहिल्या दोघी, त्याची बायको ठमाबाई आणि डोळ्यांनी अधू झालेली त्याची आई. ठमाबाई अंगानं काटकुळी, बोलायला मोजकी. नवरा होता तेव्हा तो लाकूड फोडून ढोबळ आकार द्यायचा आणि नाकडोळे कोरायची ती. पण नाव नवऱ्याचं व्हायचं, कारण पारावर बसून बोलायचा तो.

माघात देवळातली सोंगांची पेटी उघडली. गणपती होता, वाघ होता, म्हसोबा होता. रावणाच्या जागी मात्र भुसा होता. वाळवीनं लंकापतीचा पार फडशा पाडला होता. दहा पंच पारावर जमले. कोंडाजी पाटील त्यांतला मोठा. मिशा मोठ्या, आवाज मोठा, आणि पोट या दोन्हींहून मोठं. तो म्हणाला, घाटाखालून दुसरा सुतार आणू, मान त्याला देऊ, घरही त्याला देऊ. हे कानावर आलं तशी ठमाबाई डोक्यावरचा पदर सावरत पारापाशी येऊन उभी राहिली.

"पाटील, मान आमच्या घराचा हाय. रावण मी करते."

"बाईच्या हातचा रावण?" बयाजी नावाचा पंच म्हणाला. "लंका हसंल."

"लंकेचं मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "पर म्हातारीला घिऊन मी जाऊ कुठं, त्येवढं सांगा."

यावर कुणाला बोलता येईना. बोलता आलं नाही की माणसं अट घालतात. पंचांनी अट घातली. चैत्री पुनवेच्या आत रावण तयार हवा. तो बघून दहाच्या दहा पंचांनी देवीपुढं सुपारी ठेवली तर मान आणि घर ठमाबाईचं. एक जरी सुपारी कमी पडली, तर तिनं लाकूड तासायची वाकस देवीच्या पायाशी ठेवायची आणि म्हातारीचा हात धरून गाव सोडायचं. पंचांना वाटलं, आपण फार न्यायानं वागलो. गाव मात्र मनातून हळहळलं. कावळदऱ्यात दहा सुपाऱ्या एका ताटात कुणी बघितल्याच नव्हत्या.

ठमाबाईनं पांगाऱ्याचं लाकूड आणलं. हलकं असतं ते, नाचणाऱ्याच्या मानेला भार होत नाही. लाकूड पुढ्यात घेऊन ती तीन दिवस नुसती बसून राहिली, असं म्हणतात. रावण कसा असतो हेच तिला ठाऊक नव्हतं. जुन्या सोंगावर पिढ्यान्‌पिढ्या रंगाचे इतके थर चढले होते, की त्याची दहाही तोंडं भरताच्या वांग्यांसारखी गुळगुळीत झाली होती. त्यावरून काय घ्यायचं?

चौथ्या दिवशी दारावरून एक संबळवाला चालला होता. गावोगावचे भवाडे वाजवून त्याचे केस पिकले होते. ठमाबाईनं त्याला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, आणि विचारलं, बाबा, बाकीच्या गावांतला रावण कसा असतो?

"एक का हाय त्यो?" संबळवाला म्हणाला. "नदीकाठच्या गावात त्येला मगरीचं दात. धनगरांच्या वाडीत लांडग्याचं कान. खाली जंगलात तर त्येच्या गालावर बिबट्याचं ठिपकं. ज्या गावाला ज्येचं भ्याव, तसा त्येंचा रावण."

तो पाणी पिऊन गेला आणि ठमाबाई जास्तच अडचणीत आली. कावळदऱ्याला नदी नव्हती. लांडगे फार पूर्वीच गेले होते. बिबट्या एकदा आला होता खरा, पण बांधावरची भांडणं ऐकून तो रातोरात डोंगर ओलांडून गेला तो आजतागायत फिरकला नाही, असं म्हणतात. मग कावळदऱ्याचा रावण आणायचा कुठून?

शेवटी तिनं ठरवलं, ज्यांनी सुपारी ठेवायची त्यांनाच विचारावं. एकेका पंचाच्या ओट्यापाशी जायचं, उंबऱ्याबाहेर बसायचं आणि म्हणायचं, "तुमास्नी रावण कसा दिसतो, त्येवढं सांगा. मी तसा कोरते."

आणि काय सांगू, रावणाबद्दल नऊ पंचांना केवढी माहिती होती.

बयाजी आधी म्हणाला, "मला काय ठावं? मी काय लंकेत गेलतो?" मग म्हणाला, "पर नाक वाकडं असणार. डाव्या अंगाला. आन् डोळं बारीक, दुसऱ्याच्या वावरावर लावलेलं." बयाजीच्या उजव्या हाताला शेत होतं हैबतीचं. हैबतीचं नाक लहानपणी बैलानं मारल्यापासून डावीकडं वाकलेलं होतं.

हैबतीला विचारच करावा लागला नाही. तो म्हणाला, रावणाची हनुवटी पुढं आलेली असते आणि खालचा ओठ लोंबलेला, सारखं काहीतरी गिळायला बसल्यासारखा. अशी हनुवटी पंचक्रोशीत एकाच माणसाला होती, आणि त्याचा बांध हैबतीच्या बांधाला लागून होता. पाटलाच्या डाव्या हाताचा शेजारी तर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बोलत होता. मिशा कशा, गाल कसे, कपाळावरची आठी कशी, काही म्हणून त्यानं सोडलं नाही. इतकं ऐकल्यावर ते तोंड मधलं आणि मोठं करण्यावाचून ठमाबाईला इलाजच राहिला नाही. खुद्द पाटलानंही बरंच सांगितलं. त्याच्या उजव्या हाताला बयाजीचं शेत होतं, त्यामुळं रावणाचे कान सुपाएवढे असतात हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

ठमाबाईला हे सगळं कळत होतं की नव्हतं, यावर गावात दोन मतं आहेत. ती स्वतः जन्मभर एवढंच म्हणत राहिली, "मी सांगितलं तसं कोरलं."

दहावं घर तुळाजी आबाचं. आबाला तीनदा ओरडून विचारावं लागलं. कळल्यावर त्यानं तळ्यातल्या पाणकोंबड्यांकडं बघितलं. "रावण व्हय?" तो म्हणाला. "मला न्हाई बा कुणी तसा ठावा. तुला दिसंल तसा कोर."

म्हणजे नऊ तोंडांची सोय झाली आणि दहावं राहिलं.

नऊ तोंडं कोरून झाली, रंगवून झाली. काजळी, गेरू, हळद, चुना, जे घरात होतं ते लागलं. पुनवेला दोन दिवस उरले तेव्हा ठमाबाई हातपाय धुवायला परड्यात गेली. घंगाळ्यातल्या पाण्यात तिला एक तोंड दिसलं. दात आवळलेले, नाकपुड्या फुगलेल्या, कपाळाची शीर ताठ. माघापासून तिच्या पोटात जो राग होता, तो सगळा वर येऊन बसला होता. त्या दहा जणांचं वाटोळं व्हावं असं तिला रोज वाटायचं, चूल पेटवताना वाटायचं, वाकस चालवताना वाटायचं. ती पाण्यात बघत राहिली. मग हात न धुताच आत आली आणि तिनं दहावं तोंड एका बैठकीत कोरून काढलं.

पुनवेला सकाळी देवळाच्या अंगणात रावण मांडला. मधलं मोठं तोंड, उजवीकडं चार, डावीकडं पाच. म्हातारी सासू बोचकं बांधूनच दाराशी बसली होती, दहा सुपाऱ्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पंच एकेक करून पुढं आले.

बयाजी आला. त्यानं वाकडं नाक बघितलं आणि त्याचं तोंड उजळलं. "हुबेहूब," तो म्हणाला आणि सुपारी ठेवून मोकळा झाला. हैबती आला. त्यानं हनुवटी बघितली, मांडीवर थाप मारली आणि सुपारी ठेवली. पाटलानं तर ते मोठे कान बोटानं चाचपून बघितले आणि गुरवाला सांगितलं, "बाईच्या हातात देवी हाय." प्रत्येकाला आपण सांगितलेलं तोंड आधी दिसलं, आणि ते बघून एवढा आनंद झाला की बाकीच्यांकडं बघायला कुणाला भान उरलं नाही. नऊ सुपाऱ्या पडल्या. दहावी आबानं ठेवली, कारण त्याला भूक लागली होती. गुरवानं ताट उचलून देवीपुढं धरलं. दहा सुपाऱ्यांनी देवीच्या डोळ्यांत पाणी आलं, असं म्हणतात. मला वाटतं ते गुरवाच्याच डोळ्यांत आलं असेल.

आता इथं गोष्ट संपायला हवी होती. पण सोंग करायचं ते नाचवण्यासाठी.

धावजी नावाचा उंच गडी होता, त्यानं रावण चढवला. संबळ सुरू झाला आणि रावण डोलत डोलत वेशीकडून आत आला. पहिलं घर पाटलाचं. पाटलीणबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, मधलं तोंड बघितलं, आणि सवयीनं झटकन पदर डोक्यावर ओढून उठून उभ्या राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या लसणाच्या सुपासकट आत पळाल्या, पण त्यांचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. पुढं हैबतीच्या बायकोनं रावणाला विचारलं, "आज लौकर कसं? वाढू का?" बयाजीचा बैल बयाजीशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही. तो दावं तोडून रावणामागं चालू लागला आणि देवळापर्यंत मान हलवत गेला, असं म्हणतात. तोवर पोरं ओरडायलाच लागली होती. एकेका तोंडाकडं बोट दाखवून ती नावं घेत होती, आणि एकही नाव चुकत नव्हतं.

नऊ पंच पारावर गोळा झाले. रागानं लाल. पाटलानं संबळ थांबवला. "ह्यो रावण गावाची अब्रू घालवतोय," तो म्हणाला. "जाळा त्येला. आन् ह्या बाईला आजच्या आज वेशीबाहेर काढा." आठ जणांनी माना डोलावल्या. एकमत व्हायची त्यांची त्या दिवशीची दुसरी वेळ. ठमाबाई वाकस हातात घेऊन उभी होती आणि दाराशी म्हातारीनं बोचकं मांडीवर घेतलं होतं.

गुरव म्हणाला, "सुपाऱ्या देवीपुढं हायेत. ज्येला उचलायची त्येनं उचलावी. पर कारण सांगून."

"मग एक करा," ठमाबाई म्हणाली. तिनं वाकस वर धरली. "ज्येला आपलं तोंड ह्यात दिसलं आसंल त्येनं म्होरं यावं आन् दावावं. मी ते हितंच तासून टाकते. मग खुशाल काढा मला."

कुणी हलेना. पाटील म्हणाला, "मी माझ्यासाठी बोलत न्हाई, गावासाठी बोलतोय." बयाजी म्हणाला, आपलं यात काहीच नाही, आपल्याला हैबतीसाठी वाईट वाटतं. हैबती म्हणाला, आपल्याला बयाजीसाठी वाईट वाटतं. असं सगळ्यांना एकमेकांसाठी वाईट वाटून झालं, पण रावणापाशी जायला कुणाचा पाय उचलेना. कारण बोट ठेवायचं म्हणजे म्हणावं लागणार, हा रावण मी आहे.

मग ठमाबाईच पुढं झाली आणि तिनं डावीकडच्या शेवटच्या तोंडावर हात ठेवला.

"हे माझं," ती म्हणाली. "आबा म्हणालं, तुला दिसंल तसा कोर. मी पाण्यात बघितलं. तुमी मला बेघर करणार व्हता, तवा मला हे दिसलं. मी रोज तुमचं वाईट चितलंय. लाज वाटती मला त्येची, पर हाय ते हाय."

तेव्हा वाराही थांबला होता, असं म्हणतात. सगळ्यांनी ते तोंड बघितलं, मग तिला बघितलं. खरंच तीच होती.

पाटील उठला. जड पावलांनी रावणापाशी गेला आणि मधल्या तोंडासमोर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो दुसऱ्याचं काही न बघता नुसता स्वतःकडं बघत होता. "माझ्या मिशा एवढ्या वंगाळ दिसत्यात?" त्यानं विचारलं.

"त्याहून," मागून आवाज आला. पाटलीणबाई होत्या.

आधी पोरं हसली, मग बाया हसल्या, मग पाटीलच हसला, आणि हसताना त्याच्या मिशा रावणाच्या मिशांसारख्याच हलल्या. त्यानं मधल्या तोंडावर हात ठेवला. "हे माझं. राहू द्या सुपारी." मग बयाजी आला आणि त्यानं मोठे कान धरले. मग हैबती, मग एकेक करून बाकीचे. कुणी मान खाली घालून, कुणी पुटपुटत. पाटील ठमाबाईला म्हणाला, "पोरी, तुझं तेवढं तासून टाक. तुझा काय दोष?" ती म्हणाली, "तासलं तर धा कशी भरतील?"

नऊ पंच आणि दहावी ठमाबाई, सगळं जुळलं. म्हातारीनं बोचकं सोडलं. एवढ्यात गर्दीतून तुळाजी आबा वाट काढत आला. त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रावण दोनदा बघितला आणि त्याचा चेहरा पडला.

"समदं पंच हायेत," तो म्हणाला. "माझं कुठं हाय?"

लोकांनी ओरडून ओरडून समजावलं, आबा, हा रावण आहे, यात नसलेलं बरं. आबाला ते पटेना. बहिरा आहे म्हणून मला वगळलं, असं म्हणून तो तिथंच पायरीवर बसला आणि डोळे पुसायला लागला. ठमाबाईनं उरलेला पांगाऱ्याचा तुकडा घेतला आणि सगळ्यांदेखत एक तोंड कोरलं. छोटंसं, हसरं, एका कानामागं हात धरलेलं. ते तिनं मधल्या तोंडाच्या डोक्यावर बसवलं. आबा त्या दिवशी रावणापुढं नाचला, संबळ थांबल्यावरही नाचत होता, कारण थांबलेलं त्याला कळलं नाही.

तर असा तो अकरा तोंडांचा रावण. ठमाबाई पुढं पुष्कळ जगली. शेवटी ती लाकूड बघायला डोंगरात गेली आणि परत आलीच नाही. देवळामागं जो पांगारा आहे तो म्हणजे तीच, असं म्हणतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या झाडाखाली बसून मी कुणाला नावं ठेवली नाहीत, एवढं खरं.

आजही कावळदऱ्यात भवाड्याच्या आदल्या दिवशी त्या दहा घरांतली माणसं देवळात जमतात. ज्याच्याशी बांधावरून भांडण, त्यालाच रावणापाशी न्यायचं, त्याच्या वाट्याच्या तोंडावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "हे तुमचं." त्यानं म्हणायचं, "व्हय, माझंच." मग आपल्या तोंडाला आपल्या हातानं तेल लावायचं. ठमाबाईच्या तोंडाला, आता सोंगांचा मान ज्या घरी आहे, तिथली सून तेल लावते, आणि तिनं लावल्याखेरीज पाटलाच्या घरातला हात पुढं होत नाही. बांधांची भांडणं मिटली का, असं मी विचारलं. छे, म्हणाले, कोर्टात आहेत. पण तेल लावायला कुणी चुकत नाही.

राहिला तो प्रश्न. ही गोष्ट सांगण्याआधी पारावरच्या एका म्हातारीनं माझ्या हातात चहाची कपबशी दिली आणि अगदी साधेपणानं विचारलं, "पावणं, तुमास्नी रावण कसा दिसतो?" मला काय माहीत? मी आपला भडाभडा सांगत सुटलो. टक्कल असणार, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चालताना हात पाठीमागं, आणि दुसऱ्याच्या दारात बघत उभं राहायची खोड. पारावरची सगळी माणसं कौतुकानं ऐकत होती आणि गालातल्या गालात हसत होती.

गोष्ट संपल्यावर मी खाली बघत चहा संपवला. निघताना म्हातारी वेशीपर्यंत आली.

"तुमच्या शेजारी कोण ऱ्हातं?" तिनं विचारलं.

"आहेत एक गृहस्थ," मी म्हणालो.

"चष्मा हाय?"

मी मान डोलावली.

"पुढल्या साली त्येंना बी घिऊन या," ती म्हणाली. "त्येंना बी इचारू."